सीआयएन १ : घाई नको, विसर नको

गर्भाशयमुखाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सीआयएन १’, म्हणजे अस्तरातला सौम्य बदल, असं लिहून आलेल्या शंभर बायका घ्या आणि त्यांतल्या कुणालाच कसलाही उपचार देऊ नका. पुढे काय होईल? मेलबर्नचे पॅथॉलॉजिस्ट ॲन्ड्र्यू ऑस्टर यांनी १९९३ मध्ये या प्रश्नाचा हिशोब मांडला. तोवरच्या चार दशकांत जगभर छापून आलेले अभ्यास त्यांनी गोळा केले. ५७ टक्के बायकांमध्ये बदल आपोआप नाहीसा झाला होता, ३२ टक्क्यांमध्ये तो होता तसाच राहिला होता आणि ११ टक्क्यांमध्ये वाढत जाऊन सीआयएन ३ पर्यंत पोचला होता. प्रत्यक्ष कर्करोग झाला तो एक टक्का बायकांना.

हे आकडे जुने आहेत आणि माझ्या मते खऱ्यापेक्षा थोडे जास्तच घाबरवणारे आहेत. त्या काळी हा बदल घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी नव्हती. बायोप्सीचा चिमटा कधी कधी मोठ्या बदलाच्या शेजारीच पडायचा, रिपोर्ट ‘सौम्य’ यायचा आणि वर्षभराने सीआयएन ३ सापडला की ‘वाढला’ अशी नोंद व्हायची. तो आधीपासूनच तिथे असण्याची शक्यता हिशोबात धरलेली नसायची.

तरीही हा रिपोर्ट हातात पडलेली बाई घरी जाते ती अर्धमेली होऊन. ‘कॅन्सरच्या आधीची स्टेज’ एवढेच शब्द तिच्या डोक्यात घुमत असतात. मग दोहोंपैकी एक होतं. एक तर कुणीतरी सांगतं, ‘मुलं झालीत ना, मग पिशवी काढून मोकळ्या व्हा.’ नाही तर चार-सहा महिन्यांत भीती विरते, फाइल कपाटात साड्यांच्या खाली जाते आणि पुढची तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही. सीआयएन १ च्या बाबतीत या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या, हे समजायला हा बदल नेमका काय असतो ते जवळून पाहावं लागेल.

गर्भाशयाचा खालचा, अरुंद, योनीत उतरलेला भाग म्हणजे गर्भाशयमुख, बोलीत ‘पिशवीचं तोंड’. त्याच्या बाहेरच्या बाजूवर चपट्या पेशींचे एकावर एक अनेक थर असतात. आतल्या नळीला मात्र उंच, चिकट स्राव तयार करणाऱ्या पेशींची एकच ओळ असते. ही दोन अस्तरं जिथे भेटतात ती सीमा जन्मभर एका जागी राहत नाही. पाळी सुरू झाल्यावर आणि गरोदरपणात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने आतलं अस्तर बाहेर डोकावू लागतं. योनीतल्या आम्लामुळे त्या नाजूक पेशींच्या जागी हळूहळू चपट्या पेशी येतात. पाळी जाण्याच्या सुमारास सीमा पुन्हा नळीत वर सरकते. ज्या पट्ट्यात ही अदलाबदल चालते, तिथेच गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग आणि त्याआधीचे बदल सुरू होतात. इथल्या पेशी मुळातच रूप बदलत असतात आणि विषाणूला त्या सहज सापडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आतलं अस्तर बाहेर डोकावतं तेव्हा ते लालभडक दिसतं, कारण एका पेशीच्या जाडीखालून रक्तवाहिन्या दिसत असतात. तरुण मुलींमध्ये, बाळंतपणानंतर आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे अगदी सर्रास आढळतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं याला ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असं सांगितलं जातं, आणि ‘जखम’ ऐकलं की पुढचं कॅन्सरचं वाक्य बाई स्वतःच पूर्ण करते. ही जखमही नाही आणि कर्करोगाआधीचा बदलही नाही. नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या लालीवरून सीआयएन ठरत नाही, त्याला तपासणी लागते.

आता विषाणू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजेच एचपीव्हीचे, २०० हून अधिक प्रकार आहेत, त्यांतले डझनभर कर्करोगाला कारण ठरू शकतात. या नात्याचा छडा जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी लावला. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने प्रकार १६ आणि पुढच्या वर्षी प्रकार १८ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊतींतून वेगळा केला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळेच होतात.

हा विषाणू शरीरसंबंधात पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यातून सगळ्यात खालच्या थराच्या पेशीत शिरतो. तिथे तो शांत बसतो. त्या पेशी विभागतात, त्यांची पिल्लावळ थराथराने वर सरकते, चपटी होते आणि शेवटी गळून पडते. विषाणू याच प्रवासाचा फायदा घेतो. पेशी पृष्ठभागाजवळ आली की तो स्वतःच्या हजारो प्रती बनवतो आणि पेशीबरोबर बाहेर पडतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. गळून पडायला निघालेल्या पेशीसाठी शरीर धोक्याची घंटा वाजवत नाही. म्हणूनच प्रतिकारशक्तीला त्याची चाहूल लागायला महिनोन्‌महिने लागतात.

सीआयएन १ हे बहुतांशी या विषाणूनिर्मितीचंच दृश्य रूप आहे. रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की ते ओळखू येतं. निरोगी पृष्ठपेशी ऐसपैस असते, तिच्या मधोमध टिंबाएवढं नीटस केंद्रक असतं. बाधित पेशीत केंद्रक तिप्पट मोठं आणि गडद झालेलं दिसतं, त्याची कड मनुक्यासारखी सुरकुतते. त्याच्याभोवती स्वच्छ पांढरं वलय असतं, आणि त्या वलयाची बाहेरची सीमा पेन्सिलीने रेखावी तशी ठसठशीत. कधी एका पेशीत दोन केंद्रकं असतात. ही कॉइलोसाइट. बायोप्सीच्या उभ्या छेदात अस्ताव्यस्त पेशी फक्त खालच्या एक तृतीयांश जाडीत दिसतात. त्यावरच्या पेशी पक्व होतच असतात. अस्तराची शिस्त थोडी बिघडलेली असते, मोडलेली नसते.

सीआयएन ३ चं चित्र अगदी वेगळं असतं. तिथे विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं खालच्या, विभाजनक्षम पेशींमध्येच मोकाट सुटतात. पेशीची विभागणी बिघडली तर तिला थांबवणारं पी५३ हे प्रथिन ई६ नष्ट करतं. विभागणीवर लगाम ठेवणारं आरबी हे प्रथिन ई७ निकामी करतं. गुणसूत्रांतल्या चुका साठत जातात, पूर्ण जाडीभर अपक्व पेशी पसरतात आणि नवे विषाणू तयार होणं जवळजवळ थांबतं. अनेकदा विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत कायमचा जोडला जातो. सीआयएन १ मध्ये विषाणू स्वतःची वंशवृद्धी करत असतो. सीआयएन ३ मध्ये पेशी विषाणूच्या नादाने स्वतःची वंशवृद्धी करू लागलेली असते.

हा फरक डॉक्टरांनाही उशिराच कळला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचे राल्फ रिचर्ट यांनी सीआयएन ही संकल्पना मांडली तेव्हा एक, दोन, तीन आणि मग कर्करोग अशी एकच सलग चढण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्या चढणीच्या तळाशी उभ्या असलेल्या बाईलाही उपचार हवेच, असं मग ओघानेच आलं. हजारो बायकांच्या गर्भाशयमुखावर गोठवण्याचे आणि जाळण्याचे उपचार झाले. विषाणूचं विज्ञान पुढे सरकलं तसं लक्षात आलं की ही एक चढण नाही. १९८८ च्या अखेरीस अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञ जमले आणि पॅप स्मिअरच्या नोंदी दोन गटांत विभागल्या गेल्या. सौम्य बदल एका बाजूला, गंभीर दुसऱ्या बाजूला. आज रिपोर्टवर दिसणारी एलएसआयएल आणि एचएसआयएल ही नावं तिथली.

सौम्य गटाबद्दलचा सगळ्यात डोळे उघडणारा पुरावा अमेरिकेतल्याच ‘अल्ट्स’ या मोठ्या अभ्यासातून आला. पॅप स्मिअरमध्ये किरकोळ किंवा सौम्य दोष आढळलेल्या बायकांवर दोन वर्षं बारीक लक्ष ठेवलं गेलं. ज्यांच्या बायोप्सीत सीआयएन १ सापडला त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्के बायकांमध्ये या काळात सीआयएन २ किंवा त्याहून गंभीर बदल निघाला. आता दुसरी बाजू पाहा. ज्यांची बायोप्सी पूर्ण नॉर्मल आली, किंवा गर्भाशयमुख तपासण्याच्या दुर्बिणीतून बायोप्सी घ्यावी असं काही दिसलंच नाही, त्यांच्यातही हे प्रमाण ११-१२ टक्के निघालं. म्हणजे त्या बाईचा धोका ठरतो तो तिच्या शरीरात धोकादायक एचपीव्ही टिकून आहे की नाही यावर. ‘सीआयएन १’ या शिक्क्याने त्यात फारशी भर पडत नाही. शिवाय हा शिक्काही तितका पक्का नसतो. याच अभ्यासात रुग्णालयांतल्या पॅथॉलॉजिस्टांनी सीआयएन १ ठरवलेले तुकडे तज्ज्ञांच्या दुसऱ्या गटाने तपासले तेव्हा निम्म्याहून कमी ठिकाणी एकमत झालं, आणि जवळजवळ तितकेच तुकडे ‘नॉर्मल’ ठरले.

शिक्क्यापेक्षा काळ जास्त सांगतो. एचपीव्हीचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या जणी वर्षभरात तो परतवतात, आणि दोन वर्षांत दहापैकी नऊ. कॅलिफोर्नियात ॲना-बार्बरा मॉसिकी यांच्या गटाने किशोरी आणि तरुणींचा पाठपुरावा केला. सौम्य बदल आढळलेल्यांपैकी ६१ टक्के मुलींमध्ये तो वर्षभरात, आणि ९१ टक्क्यांमध्ये तीन वर्षांत नाहीसा झाला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आल्यावर तरुण मुलींवर या कारणाने उपचार करू नयेत हे मत पक्कं झालं. तिशीनंतर गणित थोडं बदलतं. या वयात सापडणारा संसर्ग ताजा असण्यापेक्षा वर्षानुवर्षं टिकलेला असण्याची शक्यता जास्त असते. तरीही सौम्य बदलांपैकी बहुतेक मावळतातच.

परतवणं हे काम मुख्यतः टी-पेशींचं. म्हणून त्यांना दुबळं करणारी प्रत्येक गोष्ट विषाणूच्या पथ्यावर पडते. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट असतो, म्हणून तिची तपासणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार तिशीऐवजी २५ व्या वर्षापासून आणि जास्त वेळा व्हायला हवी. अवयवरोपणानंतरची औषधं घेणाऱ्यांनाही जपावं लागतं. प्रकार १६ असेल तर बदल टिकण्याची आणि वाढण्याची शक्यता इतर प्रकारांपेक्षा बरीच जास्त. धूम्रपानाचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे, निकोटिन गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतं. आपल्याकडे बायका सिगारेटपेक्षा मिश्री आणि तंबाखू जास्त वापरतात. ती सोडायला गर्भाशयमुखाचा पुरावा येईपर्यंत थांबायची गरज नाही, तोंडाचा कर्करोग हे पुरेसं कारण आहे.

या साऱ्या ज्ञानाची किंमत काही बायकांनी मोजली आहे, आणि तिचा उल्लेख टाळून हा विषय लिहिणं मला बरोबर वाटत नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात हर्बर्ट ग्रीन नावाचे डॉक्टर होते. गंभीर बदलही कर्करोगात रूपांतरित होत नाहीत, अशी त्यांची धारणा. १९६६ पासून त्यांनी आज ज्याला सीआयएन ३ म्हणतो तो बदल असलेल्या काही बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं तपासत ठेवलं. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत हे त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. सहकाऱ्यांनी आतून विरोध केला, १९८४ मध्ये आकडे छापले, तरी काही हललं नाही. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी ‘मेट्रो’ मासिकात लेख लिहिला तेव्हा देश हादरला. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली आणि १९८८ मध्ये त्यांचा अहवाल आला. या बायकांच्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला : नुसत्या लहान बायोप्सीवर सोडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के बायकांना तीस वर्षांत कर्करोग झाला. वेळेवर नीट उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं.

आपल्याकडेही असं घडलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या संस्थेने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे दहा-बारा वर्षं अकराशेहून अधिक बायकांच्या गर्भाशयमुखावरच्या बदलांवर उपचार न करता ते वाढतात की मावळतात हे पाहिलं. काहींना कर्करोग झाला. लेखी संमती घेतलेली नव्हती. तोंडी घेतली होती, असं नंतर सांगण्यात आलं. हे प्रकरण १९९७ मध्ये उजेडात आलं आणि त्यावर मोठा वाद झाला. परिषदेची संशोधनातल्या नीतिमत्तेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘थांबून पाहू’ हा सल्ला योग्य ठरतो तो बाईला सगळं सांगून, तिला पुढची तारीख देऊन आणि त्या तारखेला तिला तपासूनच. सौम्य बदलावर थांबणं आणि गंभीर बदलावर थांबणं यांतला फरक ऑकलंडच्या बायकांनी जगाला दाखवला.

मधला सीआयएन २ कुठे बसतो? तो खरोखरच मधला आहे. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणात, उपचार न करता लक्ष ठेवलेल्या बायकांपैकी निम्म्यांमध्ये तो दोन वर्षांत मावळला आणि सुमारे १८ टक्क्यांमध्ये वाढला. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांच्यासाठी हा आकडा फार मोलाचा आहे.

कारण उपचार फुकट मिळत नाही. इथे पैशांचा प्रश्न नाही. विजेच्या तारेच्या कडीने गर्भाशयमुखाचा बाधित भाग कापून काढण्याची ‘लीप’ ही पद्धत सीआयएन ३ साठी उत्तम आहे. पण तुकडा जितका खोल, तितकी पुढच्या गरोदरपणात वेळेआधी बाळंतपण होण्याची शक्यता वाढते. जो बदल आपोआप जाणार होता त्यासाठी पंचविशीतल्या मुलीने हा धोका का घ्यावा?

म्हणून आजची पद्धत अशी. पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही तपासणीत सौम्य दोष आला, की गरजेनुसार कॉल्पोस्कोपी करतात. या दुर्बिणीचा शोध हान्स हिन्सलमान यांनी १९२५ मध्ये लावला आणि तिचं मूळ तंत्र अजून तेच आहे. गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्लाचा बोळा धरतात आणि मिनिटभर थांबतात. केंद्रकं दाटलेली जागा पांढरी पडते. सौम्य बदलाचा पांढरेपणा विरळ, अर्धपारदर्शक, कडा नकाशासारख्या वाकड्यातिकड्या, आणि तो लवकर ओसरतो. गंभीर बदल दाट, मळकट पांढरा, कडा सरळ आणि तो रेंगाळतो. मग आयोडीन लावतात. निरोगी अस्तर गडद तपकिरी होतं, बदललेलं मोहरीसारखं पिवळं राहतं. शंका येईल तिथून बायोप्सी घेतात. सीआयएन १ निघाला आणि आधीच्या स्मिअरमध्ये गंभीर दोष नसेल, तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही तपासणी. विषाणू गेलेला असेल तर टप्प्याटप्प्याने नेहमीच्या तपासणीच्या चक्रावर परत. बदल दोन वर्षांहून अधिक टिकला तर बाईच्या वयाचा आणि तिला मूल हवं की नको याचा विचार करून उपचार किंवा आणखी देखरेख. स्मिअर गंभीर आणि बायोप्सी सौम्य अशी विसंगती असेल, तर मात्र ‘सौम्य’ या शब्दावर विसंबू नये. चिमटा चुकीच्या जागी पडलेला असू शकतो.

पण ‘वर्षाने या’ हे वाक्य पुण्यात जितकं सोपं आहे तितकं ते उसाच्या फडावर नाही. वर्षाने ती बाई कुठल्या कारखान्याच्या कुठल्या टोळीत असेल? राज्य सरकारने नेमलेल्या समितीला २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यांतल्या प्रत्येकीला ती शस्त्रक्रिया नकोच होती असं म्हणता येणार नाही. पण अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीचा त्रास होतो एवढ्यावरून ‘पुढे कॅन्सर होईल’ या भीतीपोटी गर्भाशय काढल्याचं अनेकींनी सांगितलं. हे वाचून राग येतो, आणि यावा. पांढरं जाणं हे सीआयएन १ चं लक्षण नाही. सीआयएन १ ला लक्षणच नसतं. आणि सीआयएन १ वर गर्भाशय काढणं हा कुठल्याही मान्य पद्धतीत उपचार नाही.

याच महाराष्ट्राने याच आजारावर जगाला दिशा दाखवली आहे, तेही सांगायला हवं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट पाडून एका भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या टप्प्यात पोचलेले कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, न झालेल्या गटात ६४. ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यात या आजाराने एकही मृत्यू झाला नव्हता. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या अभ्यासात तर जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी आम्ल लावून तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादच्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर कडक टीका झाली, आणि ती रास्त प्रश्न विचारणारी होती.

या अभ्यासांनंतरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी दोन टक्केसुद्धा कधी तपासल्या गेल्याचं आढळलं नाही. देशात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो. त्यांतल्या बहुतेकींच्या सौम्य बदलाला कुणी कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून जिथे बाई परत येण्याची खात्री नाही, तिथे तपासणीच्याच भेटीत उष्णतेने किंवा गोठवून बाधित भाग नष्ट करण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटना देते. त्यात काही सौम्य बदलांवर विनाकारण उपचार होतो हे मान्य. गर्भाशय काढण्याच्या मानाने तो उपचार अगदीच छोटा, आणि विसरलेल्या सीआयएन ३ च्या मानाने तो केव्हाही परवडला.

आता घराघरात कुजबुजत विचारला जाणारा प्रश्न. ‘नवऱ्याचं बाहेर काही असेल का?’ रिपोर्टवरून हे कुणालाही सांगता येत नाही. एचपीव्ही इतका सर्वसाधारण आहे की शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक सगळ्यांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो. तो वर्षानुवर्षं सापडण्याइतक्याही पातळीवर न राहता दडून बसू शकतो आणि पुन्हा डोकं वर काढू शकतो. आज सापडलेला विषाणू लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो, किंवा दोघांपैकी कुणाच्या लग्नाआधीचा. सीआयएन १ च्या कागदावरून संसारात भांडण लागलं, तर ते कागदावर नसलेल्या मजकुरावरून लागलेलं असतं. सुनेकडे संशयाने पाहणाऱ्या सासूबाईंनाही हेच लागू.

लस घेतली तर हा बदल जाईल का? नाही. लस आधी झालेला संसर्ग घालवत नाही, न झालेला टाळते. तिची खरी जागा शाळेतल्या मुलींच्या दंडावर आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सीआयएन १ असलेल्या आईने स्वतःसाठी लशीची चौकशी करताना घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीचीही करावी.

गरोदरपणात सीआयएन १ निघाला तर काहीच करायचं नसतं, बाळंतपणानंतर पुन्हा तपासायचं. त्याने बाळाला धोका नाही. साध्या प्रसूतीलाही आडकाठी नाही.

थांबायला सांगितलेल्या बाईने न थांबता डॉक्टरांकडे जावं अशा मोजक्या गोष्टी आहेत : संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग पडणं, दुर्गंधी असलेला रक्तमिश्रित स्राव. सीआयएन १ यांतलं काहीच करत नाही. यांतलं काही होत असेल तर त्याचं कारण दुसरं आहे, आणि ते शोधायला फाइलवरच्या पुढच्या तारखेपर्यंत वाट पाहायची नाही, त्याच आठवड्यात जायचं. जाताना जुने सगळे रिपोर्ट, स्मिअरचे आणि बायोप्सीचे, सोबत न्यायचे. नवे डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतील.